वाचकांना मुभा, श्रोत्यांना मनाई

सतरा सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात दरवर्षी ध्वजवंदनाने साजरा होतो. नांदेड-लातूरच्या शाळा-महाविद्यालयांतून स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते, हयात असलेल्या मोजक्या स्वातंत्र्यसैनिकांना शाल-श्रीफळ दिले जाते. त्या दिवसाचा एक तपशील मात्र भाषणांतून सहसा निसटतो. १९४८ साली त्या दिवशी निझाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादच्या नभोवाणी केंद्रावरून स्वतः भाषण करून लढाई थांबवल्याचे जाहीर केले. त्याच केंद्राने त्याआधी कित्येक महिने रझाकारांना अनुकूल असा प्रचार चालविला होता. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा तर लातुरात वकिली करणारा गृहस्थ. ज्या यंत्रातून धमकावणी आली त्याच यंत्रातून सुटकेची वार्ताही आली. दोन्ही प्रसंगी मराठवाड्याच्या रयतेकडे ऐकून घेण्यापलीकडे दुसरे काम नव्हते.

यानंतरच्या पाऊणशे वर्षांत यंत्राचा मालक बदलला, हे खरे. संस्थानची केंद्रे आकाशवाणीत सामील झाली, पुढे परभणीचे केंद्र आले, नव्वदच्या दशकाच्या आरंभी नांदेडला स्थानिक केंद्र मिळाले. या केंद्रांनी शेतकऱ्याला हवामान सांगितले, बियाण्यांची माहिती दिली, गावोगावच्या भजनी मंडळांना आणि शाहिरांना प्रथमच ध्वनिक्षेपकासमोर उभे केले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ऐकणाऱ्याने उलट काही विचारावे, आपल्या तालुक्याचा कारभार कसा चालला आहे यावर आपल्या बोलीत चार शब्द बोलावेत आणि ते शेजारच्या गावाने ऐकावेत, ही सोय नभोवाणीत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. आज तर ती नसण्यामागे यंत्रसामग्रीची वा पैशाची अडचणही उरलेली नाही. अडचण परवान्यातील एका कलमाची आहे.

ते कलम नीट समजून घेतले पाहिजे. १९९५ च्या ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निर्णय दिला की, आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक यंत्रणेकडे असले पाहिजे. निर्णय देणाऱ्या तिघा न्यायमूर्तींपैकी एक होते न्या. पी. बी. सावंत. त्यानंतर सात वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणीची दारे उघडण्यात आली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्था व कृषिविज्ञान केंद्रांनाही मोकळी झाली. शंभर वॅटचे प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले असावेत ही अट. एवढ्यापर्यंत सारे ठीक होते. मात्र त्याच धोरणात असेही लिहिले गेले की, वृत्ते व चालू घडामोडी यांच्याशी निगडित किंवा अन्यथा राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम या केंद्रांना प्रसारित करता येणार नाहीत. नंतर आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून देण्याची सवलत मिळाली. स्वतःची बातमी देण्याची मिळाली नाही. चित्रपटगीते वाजविणाऱ्या खाजगी वाहिन्यांनाही हेच बंधन आहे, पण त्यांना त्याचे फारसे दुःख असल्याचे दिसत नाही.

बातमी म्हणजे काय आणि माहिती म्हणजे काय, याची विभागणीही सरकारने करून ठेवली आहे. वाहतुकीची स्थिती, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जाहिराती, वीज व पाणीपुरवठ्याविषयीच्या सूचना, आपत्तीचा इशारा या गोष्टी माहितीत मोडतात व त्या सांगता येतात. ही यादी वाचताना लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा आठवल्यावाचून राहणार नाही. मांजरा धरण आटले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लावण्याची पाळी जिल्हा प्रशासनावर आली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिण्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात शिरली आणि साऱ्या देशाचे छायाचित्रकार तेथे जमले. अशा वेळी शहरात एखादे सामुदायिक केंद्र चालू असते, तर नियमानुसार त्याला आज कोणत्या प्रभागात टँकर येणार हे सांगता आले असते. अमुक प्रभागात दहा दिवस टँकर का फिरकला नाही, हे विचारणे मात्र चालू घडामोडीत गेले असते. धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस किती, त्याला पाणी किती आणि ते कोणाच्या निर्णयाने, हा विषय तर निखालस राजकीय. म्हणजे तहानेची वेळ सांगावयाची, कारण सांगावयाचे नाही. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे जाणतो की, टंचाईच्या काळात वाटपाचा प्रश्न हाच मुख्य प्रश्न असतो. त्यालाच हात लावू नये असा हा दंडक आहे.

हीच गोष्ट सोयाबीनची. लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या व्यवहारात राज्यभर प्रसिद्ध आहे. २०२४-२५ साठी केंद्राने हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला आणि त्या हंगामात बाजारातील भाव त्याच्या खाली राहिले. दिवसाचा भाव सांगणे ही माहिती. हमीभाव आणि प्रत्यक्ष भाव यांतील अंतर कोणाच्या खिशात गेले, खरेदी केंद्रावर माल का नाकारला गेला, याची चर्चा शेतकऱ्यानेच केंद्रावर येऊन केली तर तो परवान्याचा भंग ठरण्याची धास्ती. गायरानाचे पाहा. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित व भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणाऱ्या कुटुंबांना या कागदाचे मोल भाकरीएवढे आहे. तो निर्णय नभोवाणीवर वाचून दाखवता येईल. परंतु या तालुक्यात त्यानुसार किती जणांची नावे सातबाऱ्यावर चढली आणि ज्यांची चढली नाहीत ती कोणामुळे, असा प्रश्न एखाद्या बाईने सरपंच-तलाठ्यांचे नाव घेऊन विचारला की व्यवस्थापकाचा हात बंद करण्याच्या खटक्याकडे जाईल.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक केंद्र एवढे भित्रे नसते. ते बरोबर आहे. कित्येक केंद्रे आडमार्गाने पुष्कळ काही सांगून जातात. पण परवाना ठरावीक मुदतीचा असतो, तो देणारा व नूतन करणारा सरकारच असतो, आणि राजकीय म्हणजे काय याची व्याख्या संदिग्ध ठेवलेली असते. ज्याची बंदी निश्चित आहे तो निदान कुंपणापर्यंत तरी चालतो. येथे कुंपणच कोठे आहे ते दिसत नाही, म्हणून माणूस उंबऱ्यातच थांबतो.

या व्यवस्थेतील खरी विसंगती आणखी वेगळी आहे. वृत्तपत्रांना बातमी देण्याची, टीका करण्याची मुभा आहे. दूरचित्रवाणीवर चोवीस तास बातम्यांचा गदारोळ चालतो. त्यांना जो कायदा लागू आहे तो, म्हणजे बदनामीचा, जातीय तेढ पसरवण्याचा, न्यायालयाच्या अवमानाचा, नभोवाणीलाही लागू करता येण्यासारखा आहे. तरीही खास बंदी आहे ती एकट्या नभोवाणीवर, म्हणजे ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या घरी मोठा पडदा नाही, जो हात कामात असतानाच कान मोकळा ठेवू शकतो, त्याच्या माध्यमावर. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत दर चार माणसांमागे सुमारे एक निरक्षर होता; स्त्रियांत हे प्रमाण अधिक. या पानाचा वाचक, मग तो शिक्षक असो, कारकून असो वा विद्यार्थी, पालकमंत्र्यांवरील टीका सकाळी चहाबरोबर वाचतो व विसरतो. त्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तीच टीका तिच्या कानाने ऐकण्याची सोय नाही. समान नागरिकत्वाच्या गोष्टी करणाऱ्यांना हा भेद खटकू नये, हे आश्चर्य आहे.

मराठी समाजाला ऐकण्याची परंपरा काही नवी नाही. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी सामाजिक न्यायाचा विचार अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या माणसांपर्यंत नेला तो गाऊन-बोलूनच. त्या जलशांना परवाना घ्यावा लागला असता आणि परवान्यात राजकीय स्वरूपाचे काही नको असे लिहिलेले असते, तर त्यांत गण-गौळणच काय ती उरली असती.

नभोवाणीचा असा उपयोग आपल्याकडे अगदीच झाला नाही असेही नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ नावाचे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर सुरू केले. जागा बदलत बदलत ते नोव्हेंबरच्या १२ तारखेला पकडले जाईपर्यंत चालले. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत, जी छापणे वृत्तपत्रांना अशक्य झाले होते, ती या केंद्राने सांगितली. त्यांना शिक्षा देणारे सरकार परके होते. पण बातमी ही सरकारची मालमत्ता आहे ही समजूत काही ते सरकार जाताना बरोबर घेऊन गेले नाही. आणीबाणीत तिचा अनुभव आला. १९७७ मध्ये जनता सरकारने जॉर्ज व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९७८ मध्ये समितीने ‘आकाशभारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली, त्यानंतरचे विधेयक सरकारबरोबर कोसळले. प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि अंमलात यायला १९९७ उजाडले. विरोधी बाकांवर असताना स्वायत्ततेचा आग्रह आणि सत्तेवर आल्यावर विस्मरण, हा क्रम कोणत्याही एका पक्षाचा नाही.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे आहे आणि जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावातील वीसएक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न व निर्णय केंद्राकडे परत जात. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि फलित उत्साहवर्धक निघाले. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. द्विभाषिकात तो आला नोव्हेंबरमध्ये. म्हणजे जेव्हा महाराष्ट्रातील खेडे नभोवाणीला प्रश्न विचारीत होते, तेव्हाही नांदेड-लातूर त्या बैठकीच्या बाहेरच होते. पुढे ही मंडळे देशभर पसरली, सरकारी लक्ष्यांच्या आकड्यांत वाढली, आणि वाढता वाढता त्यांतील प्रश्न विचारण्याचा भाग गळून पडला.

तिसरे उदाहरण शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. उदगीरहून बीदर ओलांडले की जहिराबादचा मुलूख लागतो. तोही जुन्या निझामी राज्याचाच, कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा. तेथील माचनूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित शेतकरी स्त्रियांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी संगम रेडिओ सुरू केला. या स्त्रियांनी युनेस्कोच्या मदतीने आपली ध्वनिमुद्रणशाळा १९९८ सालीच उभी केली होती. परवाना नव्हता म्हणून दहा वर्षे त्या फिती मुद्रित करून गावोगावच्या बैठकांत नेऊन ऐकवीत राहिल्या. बियाणे घरचे का विकतचे, धान्य काय पिकवायचे, मजुरी, दारू, सणावारांची गाणी, सारे त्यांच्या तेलुगू बोलीत. माणदेशात म्हसवडलाही त्याच वर्षी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ उभी राहिली. शिकलेल्या माणसांनी खेड्याला काय हवे ते सांगण्याचा धंदा बराच काळ केला. खेड्यातील बाईला ध्वनिक्षेपक दिला तर ती त्याचे काय करते, याचे उत्तर नांदेडहून एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येईल इतके जवळ आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि गंभीर आक्षेप असा की, जातींच्या ताणांनी तटतटलेल्या जिल्ह्यांत बातमीची मोकळीक म्हणजे आगीशी खेळ. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. १९९४ मध्ये रवांडात एका नभोवाणी केंद्राने नावे व ठिकाणे सांगून माणसे मारायला लावली, हे जगाने पाहिले. पण त्या केंद्राच्या पाठीशी सत्ताधारी गटातील मंडळी होती, हे विसरून चालणार नाही; आणि १९४८ चे हैदराबाद केंद्र तर थेट राज्यकर्त्यांचेच होते. ध्वनिलहरींची मक्तेदारी द्वेषाला आळा घालते असा पुरावा इतिहासात सापडत नाही. उलट, २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि नांदेडसह मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा या भागात सरकारी केंद्राखेरीज दुसरा आवाज नव्हता. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळाली त्यांनी आपली हकीकत आपल्या आवाजात सांगावी आणि सवर्ण वस्तीतील शहाण्या माणसाने ती घरी बसून ऐकावी, याला सरकारी खात्याच्या चौकटीत जागा असणे शक्यच नव्हते. नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे लागली. त्या काळात दोन वस्त्या एकमेकींविषयी जे ऐकत होत्या, त्यात कर्णोपकर्णी आलेलेच अधिक होते.

दुसरा आक्षेप असा की, आता प्रत्येकाच्या हातात दूरध्वनी आहे, चित्रफिती आहेत, मग नभोवाणी हवी कशाला? या प्रश्नाचे उत्तर १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दिले आहे. मुले पळविणारी टोळी आल्याच्या दूरध्वनीवरून फिरलेल्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा जमावाने बळी घेतला. अफवेला पत्ता नसतो. केंद्राला पत्ता असतो, परवाना असतो, दाराशी जाऊन जाब विचारता येईल असा माणूस असतो. मोकळ्या आणि बेजबाबदार माध्यमांना रान मोकळे, आणि ज्याचा मनोरा गावातून दिसतो त्याच्या तोंडाला कुलूप, हा शहाणपणा कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

तिसरी भीती अशी की, ही केंद्रे स्थानिक पुढाऱ्यांच्या घशात जातील. ही भीती अनाठायी नाही. साखर कारखाने, दूध संघ, शिक्षणसंस्था यांचे मराठवाड्यात काय झाले ते सर्वांसमोर आहे. परंतु कारखाने बळकावले जातात म्हणून सहकारावर बंदी घातली गेली नाही. अमेरिकेत बर्कली येथे लुईस हिल यांच्या पुढाकाराने एप्रिल १९४९ मध्ये सुरू झालेले केपीएफए केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर उभे राहिले. बोलिव्हियात कथिलाच्या खाणींतील कामगारांनी आपल्या मजुरीतून स्वतःची केंद्रे चालवली, लष्कराने ती फोडली तेव्हा पुन्हा उभी केली. मालकी वर्गणीदारांत विखुरलेली असेल तर एकाने ती गिळणे अवघड जाते. उदगीर वा देगलूरच्या एखाद्या केंद्राला हजार घरांनी महिना वीस रुपये दिले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या लहान केंद्राचा वीज व देखभालीचा भार त्यात पेलण्यासारखा आहे.

हा हिशेब मुद्दाम दिला, कारण दुसऱ्या बाजूचा हिशेब ठरून गेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यांची एकूण राखीव किंमत ७८४ कोटी ८७ लाख रुपये, म्हणजे सरासरी एका वाहिनीमागे एक कोटी सात लाखांच्या वर. या यादीत लातूर आहे आणि उदगीरही आहे. लिलावाचा नियम साधा: जो अधिक देईल त्याची लहर. ज्याने कोटभर रुपये मोजले तो ते जाहिरातींतून वसूल करणार, आणि जाहिरातदार गायरानावरील बाईची कहाणी ऐकायला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जिला सार्वजनिक मालमत्ता म्हटले तिची वाटणी अशी चालली आहे: सरकारला हवे ते आकाशवाणी सांगणार, बाजाराला हवे ते खाजगी वाहिन्या वाजवणार, आणि उरलेल्या शंभर वॅटवर समाजाने पाण्याच्या वेळा जाहीर करायच्या.

या विषयावर कोणी काही बोलत नाही असे मात्र नाही. बातम्यांवरील बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये, खाजगी वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटे बातम्या व चालू घडामोडी देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. दहा मिनिटांचे हे दान प्रथम खाजगी वाहिन्यांच्या पदरात पडावे आणि सामुदायिक केंद्रांनी पाहत राहावे, हा न्याय उलटा आहे. आपल्या गावाचा अर्थसंकल्प, ग्रामसभेचे ठराव, धान्य दुकानाचा साठा, रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट आणि निवडणुकीला उभ्या असलेल्या सर्व उमेदवारांना समान वेळ, एवढे विषय तरी त्यांच्यासाठी तत्काळ बंदीतून वगळता येतील. त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. माहिती व नभोवाणी मंत्रालयाने धोरणातील एक कलम बदलले की पुरे.

मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी रेल्वे, धरणे, विद्यापीठे आणि अनुशेष यांसाठी दिल्ली-मुंबईला खेटे घातले, त्यांतील काही फळालाही आले. या कलमासाठी त्यांपैकी कोणी मंत्रालयाची पायरी चढल्याचे ऐकिवात नाही. कदाचित ज्या टाकीवर जमावबंदी लागते त्या टाकीचा हिशेब रोज संध्याकाळी सात वाजता, नळावर रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून, साऱ्या शहराने ऐकावा ही कल्पना त्यांनाही फारशी सोयीची वाटत नसावी.